बीटा ब्लॉकर आणि व्यायाम : नाडी मंदावते, तसे शरीराचे इंधनही बदलते

उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हृदयाचे अनियमित ठोके यांसाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्या अनेक रुग्णांचा अनुभव एकसारखा असतो. गोळी सुरू झाल्यानंतर नेहमीच्याच वेगाने चालताना पाय लवकर भरून येतात, जिना चढताना मध्येच थांबावे लागते आणि व्यायामाचा उत्साह ओसरतो. बरेच जण याचा दोष वाढत्या वयाला किंवा स्वतःच्या आळसाला देतात. काही जण परस्पर गोळी बंद करतात आणि धोका ओढवून घेतात. वस्तुतः या थकव्यामागे निश्चित शारीरिक कारण आहे. ही औषधे केवळ हृदयाची गती कमी करत नाहीत, तर व्यायामाच्या वेळी स्नायूंना इंधन पुरविणारी चयापचयाची व्यवस्थाही बदलतात. हा बदल समजून घेतल्यास गोळी आणि व्यायाम या दोन्ही गोष्टी सुरक्षितपणे चालू ठेवता येतात.

सरकारी वसाहतीतील नित्याचा प्रश्न

दक्षिण दिल्लीतील आर. के. पुरम ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. रामकृष्ण परमहंस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीत देशाच्या सर्व भागांतून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे राहतात. बैठे काम करणारा, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेला आणि केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतून, म्हणजे 1954 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या सीजीएचएसमधून, नियमित औषधे घेणारा मोठा वर्ग अशा वसाहतींत असतो. डॉक्टर याच वर्गाला एकीकडे गोळी लिहून देतात आणि दुसरीकडे रोज चालण्याचा सल्ला देतात. हे दोन सल्ले एकमेकांशी कसे जुळवायचे, हे मात्र रुग्णाला नेहमीच समजावून सांगितले जाते असे नाही.

हा प्रश्न एका वसाहतीपुरता मर्यादित नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी 35.5 टक्के व्यक्तींना उच्च रक्तदाब, तर 11.4 टक्के व्यक्तींना मधुमेह आहे. उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला बीटा ब्लॉकर दिले जाते असे नाही. परंतु त्यासोबत हृदयविकार, छातीतील कळ किंवा हृदयाची वाढलेली गती असेल, तर या औषधांचा विचार प्राधान्याने होतो. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल, कार्व्हेडिलॉल आणि प्रोप्रानोलॉल ही या गटातील भारतात सर्रास वापरली जाणारी औषधे आहेत.

औषधाचा शोध

संकटाच्या किंवा श्रमाच्या वेळी शरीरात ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन ही संप्रेरके स्रवतात. पेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहींना ती चिकटतात आणि त्यानुसार पेशी आपले काम वाढवतात किंवा कमी करतात. या ग्राहींचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असावेत, असा विचार अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये मांडला. त्या वेळी त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही.

स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी याच विचाराचा आधार घेतला. हृदयाला होणारा प्राणवायूचा पुरवठा वाढविण्याऐवजी हृदयाची प्राणवायूची गरजच कमी केली तर छातीतील कळ थांबेल, असा त्यांचा तर्क होता. बीटा ग्राही अडविणारे प्रोनेथॅलॉल हे त्यांचे सुरुवातीचे औषध उंदरांमध्ये अर्बुदे निर्माण करत असल्याचे आढळल्याने मागे पडले. त्यानंतर 1960 च्या दशकाच्या मध्यास प्रोप्रानोलॉल वापरात आले आणि हृदयविकाराच्या उपचारांची दिशा बदलली. या कार्याचा गौरव म्हणून ब्लॅक यांना 1988 मध्ये वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा मान विभागून मिळाला. दरम्यान, 1967 मध्ये लँड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटा ग्राहींचेही दोन उपप्रकार असल्याचे दाखवून दिले. बीटा-1 ग्राही प्रामुख्याने हृदयात आढळतात, तर बीटा-2 ग्राही श्वासनलिका, स्नायू, यकृत आणि रक्तवाहिन्या यांत आढळतात. व्यायामाच्या वेळी कोणत्या गोळीचा किती परिणाम होतो, हे बऱ्याच अंशी या भेदावरच ठरते.

श्रमाच्या वेळी इंधन कोठून येते?

शरीरात इंधनाचे दोन प्रमुख साठे असतात. पहिला साठा चरबीचा. मध्यम बांध्याच्या व्यक्तीच्या शरीरातही 10 ते 15 किलो चरबी असते आणि तिच्यात सुमारे एक लाख कॅलरी ऊर्जा सामावलेली असते. दुसरा साठा ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठविलेल्या साखरेचा. स्नायूंमध्ये साधारण 300 ते 500 ग्रॅम आणि यकृतात सुमारे 100 ग्रॅम ग्लायकोजेन असते. त्यातून मिळणारी ऊर्जा दोन हजार कॅलरींच्या आसपास भरते. चरबीच्या तुलनेत हा साठा फारच तुटपुंजा आहे.

विश्रांतीच्या वेळी आणि सावकाश चालताना शरीर मुख्यतः चरबी वापरते. वेग वाढत जातो तसा साखरेचा वाटा वाढतो. दीर्घकाळ चालणाऱ्या मध्यम व्यायामात चरबीचा वापर अत्यंत महत्त्वाचा ठरतो, कारण त्यामुळे मर्यादित ग्लायकोजेनची बचत होते.

मात्र चरबीच्या पेशीत साठलेली चरबी स्नायूला थेट वापरता येत नाही. आधी तिचे विघटन होऊन मेदाम्ले रक्तात यावी लागतात. हे विघटन सुरू करण्याचा आदेश चरबीच्या पेशींवरील बीटा ग्राहींमार्फत पोहोचतो. व्यायाम सुरू होताच नॉरॲड्रिनॅलिन आणि ॲड्रिनॅलिन वाढतात, स्वादुपिंडातून होणारा इन्शुलिनचा स्राव घटतो आणि रक्तातील मेदाम्लांचा पुरवठा वाढू लागतो. त्याच वेळी स्नायूंतील ग्लायकोजेनच्या विघटनालाही बीटा-2 ग्राहींमार्फत चालना मिळते.

गोळीमुळे काय बदलते?

बीटा ब्लॉकर घेतल्यानंतर पहिला बदल हृदयात होतो. व्यायामात नाडी जितकी वाढायला हवी तितकी वाढत नाही. नाडीची कमाल मर्यादा साधारणपणे 20 ते 30 टक्क्यांनी खाली येते. ही उणीव भरून काढण्यासाठी हृदय प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त ढकलते आणि स्नायू रक्तातून अधिक प्राणवायू शोषून घेतात. त्यामुळे हलक्या व्यायामात फारसा फरक जाणवत नाही. अधिक श्रमाच्या व्यायामात मात्र ही भरपाई अपुरी पडू लागते.

दुसरा बदल चयापचयात होतो आणि तो सहसा दुर्लक्षित राहतो. चरबीच्या पेशींना मिळणारा आदेश अडविला गेल्याने रक्तात येणारी मेदाम्ले कमी होतात. चरबीचे विघटन पूर्णपणे थांबत नाही, कारण इन्शुलिनची घट आणि अन्य संप्रेरके आपले काम करतच असतात. पण पुरवठा मंदावतो. परिणामी स्नायूंना आपल्या साखरेच्या साठ्यावर अधिक विसंबून राहावे लागते. लहान साठ्यावर मोठा भार पडतो आणि तो लवकर संपू लागतो.

बीटा-1 आणि बीटा-2 हे दोन्ही ग्राही अडविणारे औषध असेल, तर अडचण दुहेरी होते. चरबीचा पुरवठा घटतोच, शिवाय स्नायूंतील ग्लायकोजेन मोकळे करण्याच्या क्रियेला मिळणारी ॲड्रिनॅलिनची चालनाही कमी होते. स्नायूंच्या आकुंचनातूनच ग्लायकोजेनच्या विघटनाला काही प्रमाणात चालना मिळत असल्याने काम थांबत नाही, पण त्याची कार्यक्षमता घटते. तासाभराहून अधिक चाललेल्या व्यायामात, विशेषतः उपाशीपोटी, रक्तातील साखर उतरण्याची शक्यताही वाढते.

तिसरा बदल पोटॅशियमशी संबंधित आहे. स्नायू आकुंचन पावताना त्यातून पोटॅशियम बाहेर पडते. ते परत पेशीत खेचून घेण्याच्या कामी बीटा-2 ग्राही मदत करतात. ते अडविले गेल्यास व्यायामाच्या काळात रक्तातील पोटॅशियमची पातळी नेहमीपेक्षा अधिक वाढते. स्नायू लवकर थकण्यामागे हेही एक कारण असावे, असे मानले जाते.

आर. के. पुरमच्या सेक्टर 7 मधील टेकडीवर स्वामीनाथाचे, मलाई मंदिर या नावाने प्रसिद्ध असलेले देवस्थान आहे. तेथील पायऱ्या चढणे आणि वसाहतीतील सपाट रस्त्यावर तासभर चालणे ही दोन उदाहरणे घेतल्यास हे बदल स्पष्ट होतात. पायऱ्या चढताना काही क्षणांत अधिक रक्ताची गरज भासते. तेथे नाडीची मर्यादा आड येते आणि धाप लागते. सपाट रस्त्यावर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पण चाल लांबत जाते तसे पाय जड होतात. तेथे इंधनाच्या पुरवठ्यातील बदलाचा वाटा मोठा असतो. म्हणजेच थकवा एकच वाटला, तरी त्याची कारणे दोन असू शकतात.

सर्व गोळ्यांचा परिणाम सारखा नाही

प्रोप्रानोलॉल दोन्ही प्रकारचे बीटा ग्राही अडविते. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल आणि बिसोप्रोलॉल यांचा रोख प्रामुख्याने बीटा-1 ग्राहींवर असतो. त्यामुळे स्नायूंतील साखर आणि पोटॅशियम यांच्या व्यवहारात त्यांचा हस्तक्षेप कमी असतो आणि व्यायामाची क्षमता तुलनेने टिकून राहते. मात्र मात्रा वाढविल्यावर हा भेद पुसट होत जातो. नेबिव्होलॉलमध्ये रक्तवाहिन्या सैल करण्याचा अतिरिक्त गुण आहे. कार्व्हेडिलॉल बीटा ग्राहींबरोबर अल्फा ग्राहींवरही काम करते.

येथे आणखी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. ज्यांना चालताना छातीत कळ येते, त्यांची व्यायामाची क्षमता या औषधांनी कमी न होता वाढते. कारण हृदयाची गरज घटल्याने कळ उशिरा येते. तसेच बीटा ब्लॉकर घेत असतानाही नियमित व्यायामाने दमसास सुधारतो, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. गोळी चालू असल्याने व्यायामाचा उपयोग नाही, हा समज चुकीचा आहे.

नाडीचा आकडा फसवा ठरतो

व्यायामशाळेत किंवा मनगटावरील घड्याळात व्यायामाची तीव्रता नाडीवरून मोजली जाते. त्यासाठी 220 मधून वय वजा करण्याचे ढोबळ सूत्र वापरले जाते. या सूत्रानुसार 60 वर्षांच्या व्यक्तीची कमाल नाडी 160 मानली जाते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या हृदयरुग्णांसाठी 2004 मध्ये सुचविण्यात आलेले सूत्र वेगळे आहे. त्यात 164 मधून वयाच्या 0.7 पट संख्या वजा केली जाते. त्यानुसार 60 वर्षांच्या रुग्णाची कमाल नाडी 122 येते. दोन आकड्यांत 38 ठोक्यांचे अंतर आहे.

हे अंतर माहीत नसलेला रुग्ण 130 किंवा 140 ची नाडी गाठण्यासाठी झटत राहिला, तर तो आपल्या शरीराला अशक्यप्राय श्रम करायला लावत असतो. म्हणूनच अशा रुग्णांसाठी श्रमाची जाणीव हा अधिक विश्वासार्ह निकष मानला जातो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी तयार केलेल्या मोजपट्टीत 6 ते 20 असे अंक असतात. 6 म्हणजे मुळीच श्रम नाहीत आणि 20 म्हणजे कमाल श्रम. सर्वसाधारणपणे 11 ते 13 या टप्प्यातील व्यायाम योग्य समजला जातो. घरगुती कसोटी याहून सोपी आहे. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल, पण गाणे म्हणणे जमत नसेल, तर चालण्याचा वेग मध्यम आहे असे समजावे. दोन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग कमी करावा.

मधुमेहींनी अधिक सावध राहावे

इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींसाठी हा विषय अधिक गंभीर आहे. रक्तातील साखर फार खाली गेल्यास छातीत धडधड होते, हात थरथरतात आणि घाम फुटतो. ही शरीराची धोक्याची सूचना असते. यांपैकी धडधड आणि थरथर ही लक्षणे ॲड्रिनॅलिनमुळे उद्भवत असल्याने बीटा ब्लॉकर ती झाकून टाकू शकतात. घाम मात्र वेगळ्या चेतायंत्रणेमुळे येत असल्याने तो फुटतोच. चालताना एकाएकी थंड घाम येणे, गोंधळल्यासारखे होणे किंवा अनपेक्षित भूक लागणे याकडे अशा रुग्णांनी दुर्लक्ष करू नये.

व्यायामापूर्वी साखर तपासणे, उपाशीपोटी लांब फेरी टाळणे आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवणे हे साधे उपाय परिणामकारक ठरतात. प्रोप्रानोलॉलसारख्या औषधांमुळे उतरलेली साखर पूर्वपदावर येण्यासही विलंब होऊ शकतो. त्यामुळे औषधाची निवड करताना मधुमेहाची माहिती डॉक्टरांना असणे अत्यावश्यक आहे.

दिल्लीच्या हवामानामुळे आणखी काही पथ्ये पाळावी लागतात. उन्हाळ्यात शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त वळवावे लागते. नाडी वाढण्यावर मर्यादा असताना स्नायू आणि त्वचा या दोहोंची गरज भागविणे हृदयाला कठीण जाते. म्हणून कडक उन्हात व्यायाम करू नये. हिवाळ्यात या गोळ्यांमुळे हातपाय अधिक गार पडू शकतात. शिवाय थंडी आणि दूषित हवा या दोन्ही गोष्टी हृदयरुग्णांना त्रासदायक असल्याने धुरकट सकाळी घरातच व्यायाम करणे श्रेयस्कर ठरते.

वजनाचा प्रश्न

बीटा ब्लॉकर सुरू झाल्यावर वजन वाढल्याची तक्रार अनेक जण करतात. तिच्यात तथ्य आहे, पण वाढ मर्यादित असते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात ही वाढ सुमारे 1.2 किलो आढळली. विश्रांतीच्या काळातील ऊर्जाव्यय किंचित घटणे आणि थकव्यामुळे हालचाल कमी होणे ही तिची संभाव्य कारणे मानली जातात. याहून अधिक वाढ झाल्यास आहाराकडे लक्ष द्यावे. हृदयाची क्रिया कमकुवत असलेल्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढल्यास ते शरीरात पाणी साठल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी तातडीने डॉक्टरांकडे जावे.

एकाला अडसर, दुसऱ्याला लाभ

दीर्घ पल्ल्याच्या धावपटूला अडसर ठरणारे हेच औषध हात स्थिर ठेवण्याची गरज असलेल्या खेळाडूला मात्र अयोग्य लाभ मिळवून देते. त्यामुळे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने नेमबाजी आणि तिरंदाजी या खेळांत बीटा ब्लॉकरवर स्पर्धेच्या काळात तसेच एरवीही बंदी घातली आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याच्या चाचणीत प्रोप्रानोलॉल आढळले आणि त्याची दोन्ही पदके काढून घेण्यात आली. औषध तेच असले, तरी शरीराला कोणते काम करायचे आहे यावर त्याचा परिणाम लाभदायक की हानिकारक हे ठरते.

परस्पर गोळी बंद करण्याचा धोका

थकव्याला कंटाळून एकाएकी गोळी सोडणे ही सर्वांत धोकादायक चूक होय. बीटा ग्राही दीर्घकाळ अडविले गेल्यावर पेशी त्यांची संख्या आणि संवेदनशीलता वाढवतात. अडथळा अचानक दूर झाला की नेहमीचे ॲड्रिनॅलिनही हृदयावर जोरकस परिणाम करते. परिणामी नाडी व रक्तदाब उसळणे, छातीत कळ येणे, प्रसंगी हृदयविकाराचा झटका येणे असे प्रकार घडू शकतात. औषध बंद करायचेच असल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने मात्रा कमी केली जाते.

गोळी कायम घ्यावी का, हा प्रश्न विचारणे मात्र गैर नाही. हृदयाची क्रिया कमकुवत झालेल्या रुग्णांमध्ये ही औषधे जीव वाचवितात. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलवरील दोन मोठ्या चाचण्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण प्रत्येकी 34 टक्क्यांनी कमी झाले होते. दुसरीकडे, झटक्यानंतरही हृदयाची आकुंचनक्षमता चांगली राहिलेल्या 5 हजारांहून अधिक रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बीटा ब्लॉकरमुळे मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याचे दिसले नाही. म्हणजे एकाच गोळीचे मोल रुग्णागणिक वेगळे असते. ते ठरविण्यासाठी हृदयाची स्थिती तपासावी लागते. शेजाऱ्याची गोळी बंद झाली म्हणून आपलीही बंद करणे योग्य नव्हे.

काय करावे?

बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी व्यायामाची सुरुवात सावकाश करावी आणि शरीर तापण्यासाठी 10 मिनिटे द्यावीत. व्यायाम संपवितानाही वेग हळूहळू कमी करावा. एकदम थांबल्यास चक्कर येण्याची शक्यता असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला आहे. हे उद्दिष्ट एका दमात गाठण्याची गरज नाही. एका तासाच्या फेरीऐवजी वीस मिनिटांच्या तीन फेऱ्या केल्यास इंधनाच्या साठ्यावरील ताण कमी होतो. लांब फेरीपूर्वी हलका आहार घ्यावा.

व्यायाम करताना छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, असाधारण धाप लागणे किंवा विश्रांतीच्या वेळीही नाडी फार मंद होऊन गळून गेल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास व्यायाम थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. केवळ थकवा वाढला असेल, तर कोणत्या हालचालीत, किती वेळाने आणि गोळी घेतल्यावर किती तासांनी तो जाणवतो याची आठवडाभर नोंद ठेवून ती पुढील भेटीत डॉक्टरांना दाखवावी. मात्रा कमी करणे, गोळीची वेळ बदलणे किंवा त्याच गटातील दुसरे औषध देणे, असे पर्याय डॉक्टरांकडे असतात. रुग्णाने थकवा निमूटपणे सोसला किंवा गोळी गुपचूप सोडली, तर त्यांपैकी एकही पर्याय वापरता येत नाही.